खांबाशेजारचा माणूस

आपल्या चळवळीत संस्कृतीची चर्चा निघाली की ती कवितेवर, आत्मकथनावर आणि जलशावर येऊन थांबते. हे स्वाभाविक आहे. शब्द हे आपले पहिले हत्यार होते आणि अजूनही आहे. परंतु चित्राचा, विशेषतः छायाचित्राचा विचार आपण फारसा केलेला नाही. वास्तविक आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत पहिले पुस्तक येण्याआधी पहिली तसबीर आली. कुडाच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी लागले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही आपण कोणाचे आहोत हे त्या भिंतीने सांगितले. ज्या समाजाने चित्राच्या बळावर एवढी मोठी जाणीव घराघरांत नेली, त्याने काही प्रश्न विचारायलाच हवेत. छायाचित्र कोण काढतो? त्यात कोण उभा असतो? ते कोठे लावले जाते? आणि त्याखाली कोणाचे नाव लिहिले जाते?

या प्रश्नांचा माग वेरूळपासून मुंबईपर्यंत काढावयाचा आहे. वेरूळ हा सार्वजनिक कलेचा एक भव्य नमुना आपल्या दाराशी उभा आहे. आणि त्याच कलेचे आजचे प्रयोग मुंबईच्या रस्त्यांवर चालले आहेत. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : कलेतून माणूस दिसतो, पण त्याचे नाव उरते का?

करणाऱ्याचे नाव

वेरूळला एकंदर ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी आणि ३० ते ३४ जैन. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील सोळावे म्हणजे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले हे काम. डोंगर वरून खाली कोरत आणला आणि एका अखंड खडकातून देऊळ मोकळे केले. अशा कामात पायापासून चढत जाण्याची सोय नसते. एकदा चुकीचा दगड निघाला की तो परत बसवता येत नाही.

राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क राजाचा इ. स. ८१२ चा एक ताम्रपट बडोद्याला मिळाला. त्यात या देवळाची स्तुती आहे. ते घडविणारा शिल्पीसुद्धा, हे आपल्या हातून कसे झाले, म्हणून थक्क झाला, असा आशय त्यात आहे. राजाचे नाव आहे, कौतुक आहे, आश्चर्य आहे. शिल्प्याचे नाव नाही. आणि कोरून निघालेला दगडाचा ढीग ज्यांनी डोक्यावरून वाहून नेला, त्यांचा तर उल्लेखही नाही. बाराशे वर्षांपूर्वीचे हे मौन आहे.

लोकांनी मात्र स्वतःच्या रीतीने एक नोंद ठेवली. दहावे लेणे हे चैत्यगृह. त्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. त्या पाहून लोक या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणू लागले. आत स्तूपासमोर बुद्ध बसलेला आहे, आणि लेण्याला नाव मात्र कारागिराचे. राजाच्या ताम्रपटाला जे सुचले नाही ते गावच्या बोलण्याला सुचले.

कॅमेरा आला तेव्हा

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत जाहीर झाली. थोड्याच काळात ती हिंदुस्थानात पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे हिंदी सभासदही तिच्यात होते, आणि नारायण दाजी तर स्वतः छायाचित्रे काढीत. म्हणजे कॅमेरा केवळ साहेबाच्या हातात राहिला असे नाही. तो लवकरच येथल्या सुशिक्षित वरच्या वर्गाच्या हातातही आला. आपल्या हातात तो येण्यास मात्र आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१८६४ साली लंडनमध्ये जेम्स फर्ग्युसन यांचे हिंदुस्थानातील लेण्यांवरील एक पुस्तक निघाले. त्यात मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेली ७४ छायाचित्रे होती. अजिंठा-वेरूळची लेणी अशा रीतीने जगापुढे गेली. त्या काळी चित्र काढणे ही मोठी खटपट होती. काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच कॅमेऱ्यात घालायचे आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचे. त्यासाठी काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू आणि भरपूर पाणी डोंगरात न्यावे लागे. हे सामान कोणाच्या तरी पाठीवरून जात असणार, हे सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकातली लेण्यांची आणि देवळांची छायाचित्रे पाहिली तर एक गोष्ट वारंवार दिसते. एखाद्या प्रचंड खांबाशेजारी एक स्थानिक माणूस उभा केलेला असतो. डोक्याला मुंडासे, अंगावर जेमतेम वस्त्र. तो तेथे कशासाठी आहे? खांब किती उंच आहे हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून. तो माणूस म्हणजे मोजपट्टी. चित्राखाली लेण्याचा क्रमांक असतो, खांबाचे वर्णन असते, छायाचित्रकाराचे नाव असते. त्या माणसाचे नसते. तो कोणत्या जातीचा होता हे चित्रावरून ठरवता येत नाही, आणि ठरवण्याचा आग्रहही नको. परंतु त्याला उभे राहा म्हटल्यावर तो उभा राहिला आणि हलू नको म्हटल्यावर हलला नाही, एवढे मात्र चित्रात स्वच्छ दिसते.

माणसांचे नमुने

माणसाची मोजपट्टी करणारा कॅमेरा पुढे माणसाचा नमुनाही करू लागला. मुंबईत विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने येथल्या जातीजमातींची छायाचित्रे काढून १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. माणसांचे चित्र एकीकडे काढायचे, मुंबईतल्या ठिकाणाचे चित्र दुसरीकडे काढायचे, आणि मग दोन्ही जोडून एक करायचे. म्हणजे ही मंडळी त्या जागी उभी असल्याचे दिसते, पण ती तेथे उभी नव्हती. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचे पुस्तक निघाले. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. बहुतेक चित्रांखाली व्यक्तीचे नाव गौण आणि जातीचे किंवा जमातीचे नाव मुख्य. सोबत त्या जातीचा स्वभाव कसा, ती इमानी की लबाड, असेही मजकूर.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मनुस्मृतीने माणसाला जात दिली ती शब्दाने. कॅमेऱ्याने त्या जातीला चेहरा दिला आणि हा शास्त्रीय पुरावा आहे असे म्हटले. छायाचित्र खोटे बोलत नाही, असा समज तेव्हापासून रूढ आहे. वस्तुतः छायाचित्र जे दाखवते ते कोणी तरी निवडलेले असते. कोणाला उभे करायचे, काय नेसवायचे, हातात झाडू द्यायचा की पुस्तक, हे कॅमेऱ्यामागचा माणूस ठरवतो. पुढचा माणूस ते निमूट सोसतो.

पाहण्याचा अधिकार

छायाचित्रात कोण दिसतो हा एक प्रश्न झाला. कोणाला पाहता येते हा दुसरा. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह सहलीला निघाले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्यांनी ठरविले होते. वाटेत ते दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ होती, वेशीजवळ पाण्याचे टाके होते; मंडळींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून ‘पाणी बाटवले’ म्हणून गर्दी जमली. शेवटी किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. त्यांनी आत कोठेही पाण्याला हात लावू नये म्हणून. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, हे दाखवण्यासाठी लिहिला आहे.

सार्वजनिक कलेची व्याख्या करताना हा प्रसंग विसरता येणार नाही. लेण्याला दार नाही, किल्ल्याची वेस उघडी आहे, म्हणून ती जागा सार्वजनिक होत नाही. जेथे येणाऱ्याला शिपायाच्या पहाऱ्यात पाहावे लागते, ती जागा काहींपुरतीच सार्वजनिक असते. आज वेरूळला आमच्या महाविद्यालयाची मुले जातात, तिकीट काढतात, मोबाईलवर एकमेकांची छायाचित्रे घेतात, आणि दहाव्या लेण्यात बुद्धापुढे उभी राहून हसतात. त्यांना हे साधे वाटते. तसे ते वाटावे यासाठीच चळवळ झाली. पण हे साधे कसे झाले हे त्यांना ठाऊक असावयास हवे.

काळा घोडा

आता मुंबईकडे वळू. दक्षिण मुंबईत जहांगीर कलादालन आहे, १९५२ सालचे. त्याच्या परिसराला ‘काळा घोडा’ म्हणतात. सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा तेथे होता. १९६५ साली तो हलवला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात गेला. पुतळा गेला तरी नाव राहिले. आणि तेही राजाचे राहिले नाही, घोड्याचे राहिले. २०१७ साली तेथे नवा घोडा बसवला, तो स्वाराविना. वेरूळच्या सुताराच्या झोपडीसारखेच हे आहे. लोकांच्या तोंडी काय टिकेल हे राजाला ठरवता येत नाही.

१९९९ पासून या परिसरात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत कला महोत्सव भरतो. रस्ता वाहनांना बंद होतो. भर रस्त्यात शिल्पे आणि रचना उभ्या राहतात, भिंतींवर छायाचित्रे लागतात, नाटके होतात. तिकीट नसते. २०१७ साली कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये असाच एक मोठा प्रयोग झाला. जुन्या गोदामांत चित्रकारांनी काम केले आणि गोदीत राबणाऱ्या माणसांचे चेहरे मोठमोठ्या छायाचित्रांतून तेथे लावले गेले.

अशा उपक्रमांना नाके मुरडण्याचे कारण नाही. कलादालनाचा उंबरठा चढायला जो माणूस बिचकतो तो रस्त्यावरच्या चित्रापुढे थांबतो. हे मोल मोठे आहे. जिच्या हाताला मासळीचा वास येतो तिचा चेहरा भिंतीएवढा झाला, हेही लहान नाही. परंतु प्रश्न विचारणे थांबवता कामा नये. महोत्सव संपल्यावर रस्ता कोण झाडतो? तो झाडणारा त्या नऊ दिवसांत कोठल्याही चित्रात असतो का? आणि असलाच तर नावानिशी असतो, की पुन्हा खांबाशेजारी?

सहा डिसेंबर

मुंबईतला सार्वजनिक कलेचा सर्वांत मोठा मेळा काळ्या घोड्यापाशी भरत नाही. तो दादरला भरतो, आणि त्याला कोणी कला महोत्सव म्हणत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेथे उभारलेल्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. दरवर्षी लाखो लोक तेथे येतात. शिवाजी पार्कवर आणि आसपासच्या फूटपाथवर पुस्तके, दिनदर्शिका, तसबिरी, बिल्ले, मातीचे आणि धातूचे लहान पुतळे यांची दुकाने मांडलेली असतात. शाहीर गातात, पथनाट्ये होतात. गावाकडून आलेली म्हातारी चार पैसे देऊन तसबीर घेते, पदरात गुंडाळते आणि गाडीतून मराठवाड्यात किंवा विदर्भात घेऊन जाते. हे प्रदर्शन नाही तर काय आहे? फरक एवढाच की येथे पाहणारा रिकाम्या हाताने परतत नाही; प्रदर्शन त्याच्याबरोबर घरी जाते.

या तसबिरींचा कलेच्या अंगानेही अभ्यास व्हायला हवा. बाबासाहेबांची प्रसिद्ध छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांच्या अंगावरचा निळा कोट छायाचित्रकाराने दिलेला नाही. तो रंग दिला चित्रकारांनी, छापखान्यांनी आणि चळवळीने. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. पुतळ्याचेही तसेच. एका हातात संविधान, दुसरा हात पुढे, बोट उंचावलेले. ही मुद्रा कोणत्या कला अकादमीने ठरवली नाही. गावोगावच्या मूर्तिकारांनी आणि वर्गणी देणाऱ्यांनी ती पक्की केली. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. तेव्हापासून आजवर चौकाचौकांत जे पुतळे उभे राहिले, ते लोकांनी स्वतःच्या पैशाने उभारलेल्या सार्वजनिक कलेचे एक विशाल काम आहे.

आणि त्या ७ डिसेंबरच्या अंत्ययात्रेचे आपण जे चित्रण पाहतो, ते नामदेवराव व्हटकर यांनी केले. स्वतःजवळचे गहाण टाकून त्यांनी कॅमेरा आणि फिल्मसाठी पैसा उभा केला, असे सांगितले जाते. मुंबईसारख्या चित्रपटांच्या राजधानीत त्या दिवशी कॅमेरे थोडे नव्हते. पण हा जनसागर इतिहास आहे हे ज्याने ओळखले तो आपल्यातलाच एक लेखक होता.

चित्राची साक्ष

पुतळा हे आपल्या बाबतीत शोभेचे काम कधीच नव्हते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे समर्थन पुढे केले गेले, आणि त्यासाठी चित्रणाचा आधार घेतला गेला. चौकशी आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरविला. आनंद पटवर्धन यांच्या २०११ सालच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाने हा सारा प्रकार तपासून मांडला.

कार्यकर्त्यांनी यातून धडा घ्यायचा तो असा. चित्र एकटे साक्ष देत नाही. आधी काय घडले आणि नंतर काय घडले, टँकर कोठे होता आणि माणसे कोठे पडली, चित्र कोणी आणि कोठून काढले, हे सांगितल्याशिवाय तेच चित्र मेलेल्यांच्या विरुद्धही वापरता येते. वेळ, जागा आणि क्रम या तीन गोष्टी नसतील तर छायाचित्र ज्याच्या हाती सत्ता त्याचे होते.

कॅमेऱ्यामागे

आज आपल्यातले छायाचित्रकार पुढे आले आहेत. सुधारक ओलवे यांचे नाव वाचकांना ठाऊक असेल. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी दीर्घ काळ काम केले. हे कामगार बहुसंख्येने दलित. शहर ज्यांच्याकडे पाहत नाही, ज्यांच्यापासून नाक दाबून दूर होते, त्यांच्याजवळ जाऊन त्यांनी कॅमेरा धरला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कारापेक्षा महत्त्वाचे हे की गटारात उतरणारा माणूस या कामातून शहरापुढे प्रश्न म्हणून उभा राहिला. जॉन्सनच्या खंडात जात हे माणसाचे वर्णन होते. येथे जात हा शहरावरचा आरोप आहे. कॅमेरा तोच, पण त्याच्यामागची दृष्टी बदलली की चित्राचा अर्थ असा उलटतो.

परंतु चार मोठ्या छायाचित्रकारांनी हे काम होणार नाही. आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रांचा सुकाळ झाला आहे आणि नोंदीचा दुष्काळ आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर घरे जळाली, माणसे मेली, मोर्चे निघाले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांची छायाचित्रे आपल्याच घरांत पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. त्यांना वाळवी लागते आहे. त्यांतली माणसे ओळखणारे एकेक करून जात आहेत. माझ्या घरात आजोबांचे एकही छायाचित्र नाही, म्हणून ही हानी काय असते ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

काय करता येईल

हे काम अनुदानावाचून आणि इमारतीवाचून होण्यासारखे आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वस्तीत पाठवावे. सापडेल ते प्रत्येक छायाचित्र जागच्या जागी मोबाईलवर उतरवून घ्यावे; मूळ चित्र घरच्यांकडून हिरावून नेऊ नये. चित्राच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे : साल, गाव, प्रसंग, डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव, आणि चित्र काढणाऱ्याचे नाव. शाईने लिहू नये, ती ओलीने पुढच्या बाजूला उतरते. बायकांची नावे ‘अमक्याची बायको’ अशी लिहू नयेत. उतरवलेल्या प्रती निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मेजर गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या रंगीत नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. एका जागी ठेवलेले सगळे एका दिवशी जाऊ शकते.

दुसरी गोष्ट मर्यादेची. अत्याचारात बळी पडलेल्यांच्या देहांची छायाचित्रे हातोहात फिरवणे थांबले पाहिजे. पुरावा म्हणून ती जपावीत, वकिलाला, न्यायालयाला द्यावीत. पण ज्याला जिवंतपणी प्रतिष्ठा मिळाली नाही त्याची विटंबना आपल्या हातून होऊ नये. आणि जिवंत माणसाचे चित्र घेताना त्याला विचारावे. न विचारता घेतले तर आपण आणि तो जॉन्सन यांच्यात फरक काय?

तिसरी गोष्ट चौकाची. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या वेशीपाशी हजारो लोक जमतात. पुस्तकांच्या दुकानांशेजारी एका दोरीवर नामांतराच्या लढ्यातली छायाचित्रे टांगावीत, खाली कोरे कागद ठेवावेत, आणि ज्याला जो ओळखू येईल त्याचे नाव त्याने लिहावे. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, विद्यार्थ्याने लिहून घ्यावे. गावोगावच्या बुद्धविहारांतही हे करता येईल. यापेक्षा खरी सार्वजनिक कला मला सुचत नाही. पाहणारा येथे नोंद करणारा होतो, आणि प्रदर्शन संपते तेव्हा इतिहासात चार नावे वाढलेली असतात.

वेरूळच्या शिल्प्याचे नाव आता मिळणार नाही. खांबाशेजारी उभा केलेल्या माणसाचेही मिळणार नाही. पण आपल्या बापजाद्यांच्या मोर्च्यातली माणसे अजून ओळखता येतात. ओळखणारे अजून हयात आहेत. पेन्सिल हातात घेण्याची वेळ हीच आहे.